पानांआधी गावांची यादी करा: नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांना खुले पत्र

प्रति,
नाशिक-पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर येथील समस्त तीर्थोपाध्याय मंडळी यांस

सा. न. वि. वि.

मी आपल्यापैकी एका घराण्याचा पिढीजात यजमान आहे. त्या घराण्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण हे पत्र तक्रारीचे नाही आणि ज्या गोष्टीसाठी ते लिहितो आहे ती एका वाड्यापुरती राहिलेली नाही. विनंती एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. आपल्याकडील नामावळ्यांची, म्हणजे यजमानांच्या पिढ्यांची नावे लिहिलेल्या जुन्या बाडांची, छायाचित्रे घ्यायची की नाही, त्या कोणाला दाखवायच्या आणि कोणाला नाही, हे सारे आपण सवडीने ठरवावे. पण कोणत्या गावाचे यजमान कोणत्या बाडात आहेत आणि ते बाड आज कोणाच्या घरी आहे, एवढी यादी २०२६-२७ च्या सिंहस्थाची धांदल अंगावर येण्यापूर्वी कागदावर उतरवून ठेवावी.

असे का म्हणतो, त्यामागे एक अनुभव आहे. वडील गेले तेव्हा त्यांच्या अस्थी घेऊन मी रामकुंडावर आलो. विधी आटोपल्यावर गुरुजींनी वाड्यावर नेले, सतरंजीवर बसवले आणि विचारले, "गाव कोणते? राहता कुठे ते नको, मूळ गाव सांगा." मी सिन्नर तालुक्यातील आमच्या गावाचे नाव सांगितले. सत्तरी उलटलेले गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्या गावाखाली तुम्ही सापडायचे नाहीत. तुमचे लोक मोठ्या दुष्काळात नगरकडून उठून आले. आमच्याकडे तुम्ही अजून तिकडच्याच गावाखाली आहात." मग त्यांनी मुलाला हाक मारून फडताळातील खालून दुसरे, लाल खारव्याच्या जाड कापडात बांधलेले बासन काढायला सांगितले. मला हे ठाऊक नव्हते. आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. १८७६ च्या दुष्काळाने आम्हाला एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आणून टाकले, ही गोष्ट आमच्या कुटुंबाने तीन पिढ्यांत विसरून टाकली होती आणि आमच्या पुरोहिताने ती लक्षात ठेवली होती.

पान उघडले ते शके १८०२, विक्रमनाम संवत्सराचे, म्हणजे इसवी सन १८८०-८१ चे. अक्षर मोडी, शाई काजळाची. आधी तीन पुरुषांची नावे, मग भाऊ, मग पुत्र, आणि त्या पुत्रांमध्ये माझे पणजोबा, जे हिशेबाने त्या वेळी जेमतेम पाच वर्षांचे असतील. खापरपणजोबांना लिहिता येत नव्हते, म्हणून सहीच्या जागी बोरूने काढलेला बोटाच्या पेराएवढा नांगर होता आणि शेजारी "निशाणी नांगराची" असे शब्द. मी त्या नांगरावर बोट ठेवले, तर गुरुजींनी ते हलकेच उचलून बाजूला केले. घामाने शाई जाते, म्हणाले. मोबाइलवर एक छायाचित्र मात्र घेऊ दिले.

पुढे तीन वर्षांनी चुलतभावाला घेऊन मी पुन्हा आलो. गुरुजी मधल्या काळात गेले होते. मुलाने अगत्याने बसवले, चहा दिला आणि जवळजवळ दोन तास बासनांमागून बासने सोडली. नोंद सापडली नाही. बाड कुठे गेले नव्हते, वाळवीने खाल्ले नव्हते, कोणी चोरले नव्हते. ते त्याच खोलीत होते. माझ्या मोबाइलमध्ये त्या पानाचे छायाचित्रही होते. पण गावाचे नाव बाडात आठ-दहा पाने आधी एकदाच लिहिलेले असते, ते त्या चित्रात आलेले नव्हते, आणि वडिलांच्या दुःखात मी ते टिपून घेतले नव्हते. गुरुजींबरोबर काय गेले ते मला त्या दुपारी कळले. कागद सगळे राहिले होते. त्यांच्यात शिरण्याची वाट गेली होती.

म्हणून म्हणतो, पाने नंतर, आधी यादी. हल्ली जो तो संगणकीकरणाची भाषा बोलतो, आणि मी त्याच्या विरोधात नाही, परंतु ज्या हजारो पानांना शीर्षक नाही, क्रमांक नाही आणि अनुक्रमणिका नाही, त्यांची हजारो छायाचित्रे काढली तर हाती येतात ती हजारो अनाम छायाचित्रे. माझ्या मोबाइलमधला नांगर त्यापैकीच एक आहे.

आपली व्यवस्था बाहेरच्या वाचकांना नीट ठाऊक नसते, म्हणून थोडे लिहितो. आपण मात्र हे माझ्याहून चांगले जाणता. यजमानांची विभागणी गाव, परगणा, जात आणि आडनाव यांवर चालत आली. एका घराण्याकडे जी गावे असतात ती त्याची वृत्ती, आणि वृत्ती ही मिळकत असल्यामुळे ती भाऊबंदांत वाटली जाते, क्वचित गहाण पडते, कधी विकलीही जाते. दोन भाऊ वेगळे निघाले की एकाच जुन्या बाडातील गावे दोघांकडे जातात, पण बाड एकच असते. मग ते कोणा एकाकडे राहते आणि दुसरा आपल्या गावांच्या नोंदी नव्या वहीत उतरवून घेतो. दोन-तीन वाटण्या झाल्या की मूळ बाड ज्याच्याकडे असते त्याची त्या गावांशी यजमानकृत्ये उरलेली नसतात, आणि ज्याच्याकडे यजमान येतात त्याच्याकडे आजोबांच्या आधीचे काही नसते. पुढची पिढी नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेली की बासने माळ्यावर चढतात. त्या माळ्यावर कोणती गावे झोपलेली आहेत हे सांगणारा माणूस बहुधा साठीच्या पुढचा असतो.

या नोंदींचे मोल काय, हे आपल्याला सांगायला नको. तरीही यजमानाच्या बाजूने ते कसे दिसते हे सांगतो, कारण आम्ही दक्षिणा देऊन उठतो आणि आपल्याला काय मिळाले हे सहसा बोलत नाही. घराण्याची हकीकत सरकारी दप्तरात असते ती तुकड्यांनी. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्या गाव नमुना नंबर १४ मध्ये, मूल जन्मल्याची तारीख, बापाचे नाव आणि जात मिळते, पण पुष्कळदा मुलाचेच नाव नसते, नुसते "मुलगा" किंवा "मुलगी" असते, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव असते, पण जन्मतारीख मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते, त्यामुळे पुष्कळ जुन्या माणसांचे वाढदिवस जूनच्या पहिल्याच तारखेला येतात. फेरफाराच्या नोंदीत वारसांची नावे असतात, पण ज्यांना जमीन होती त्यांचीच. पुन्हा मराठवाड्यातली जुनी दप्तरे उर्दूत, वर्षे फसली सनात, म्हणजे निजामी महसुली कालगणनेत. तेथे सनात ५९० मिळवावे तेव्हा इसवी सन निघतो, तर आपल्या शकात ७८ मिळवायचे असतात.

आपल्या नामावळीत हे तुकडे जोडणारा धागा असतो, आणि त्याचे कारण धार्मिक विधीच्या घडणीतच आहे. तीर्थश्राद्धाला पिता, पितामह, प्रपितामह लागतात. तसेच माता, पितामही, प्रपितामही लागतात, आणि आईच्या माहेरचे मातामहही सपत्नीक लागतात. म्हणजे ज्या काळात सरकारी कागदाला बाईच्या नावाशी फारसे कर्तव्य नव्हते, त्या काळात गोदावरीच्या काठी बसलेला पुरोहित यजमानाला त्याच्या आजीचे आणि पणजीचे नाव विचारत होता. मला माझ्या खापरपणजीचे नाव दुसऱ्या कोणत्याही कागदात मिळालेले नाही. तंजावरला सरफोजी राजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा वृत्तान्त मराठीत कोरून घेतला, तो आजही तेथे वाचता येतो. राजांना ते शक्य होते. सिन्नरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला भिंत नव्हती, त्याला आपल्या वाड्यातील अर्धे पान होते.

त्याच पानाच्या पुढे शके १८४१ ची, म्हणजे १९१९-२० ची नोंद होती. पणजोबा आता कर्ते झाले होते. त्यांनी दिलेल्या नावांपैकी तिघांपुढे "गतसाली वारले" असे होते, त्यांत एक बहीण. पुढे मी तालुक्याला जाऊन आमच्या गावची मृत्यूची नोंदवही पाहिली, तेव्हा ते तिघेही १९१८ च्या शेवटच्या महिन्यांत, तीन आठवड्यांच्या आत गेलेले निघाले, आणि तिघांपुढे कारण एकाच शब्दाचे होते: ताप. इन्फ्लुएंझाच्या साथीबद्दल मी शाळेत वाचले होते. ती आमच्या ओसरीवर येऊन गेली होती हे मला नामावळी आणि कोतवाल बुक शेजारी शेजारी ठेवल्यावर समजले. दोहोंपैकी एक कागद नसता तर दुसरा मुका राहिला असता.

आता जो विषय टाळता येण्यासारखा नाही त्याकडे येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून महाराष्ट्रात जुना कागद हा शब्द घराघरात पोहोचला. जातीच्या दाखल्यासाठी मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेआधीचा पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी तो १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. त्यामुळे ज्या बासनांकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नव्हते ती एकदम मौल्यवान झाली, आणि मोडी वाचणारी माणसे शोधून आणावी लागली. आरक्षणाच्या वादात मला या पत्रात शिरायचे नाही. परंतु त्या गर्दीचा कागदांवर काय परिणाम होतो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका अभिलेख कक्षात, त्याचे नाव येथे नको, मला मिळालेल्या नोंदवहीतील नेमकी दोन पाने कातरीने कापून नेलेली होती, आणि दुसऱ्या एका वहीत एका नावापुढचा शब्द वेगळ्या शाईने गडद केलेला होता. लोक एका शब्दासाठी येतात, तो मिळाला की बाकीचे पान त्यांच्या लेखी संपते.

आपल्या बाडांवरही हा दाब येणारच, कदाचित आलाही असेल. अशा वेळी आपली खरी ठेव कोणती याचा विचार व्हावा. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील अक्षर आणि सही ज्याची म्हटली आहे त्याचीच आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. यातला "योग्य ताबा" हा शब्द आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. बाड आपल्या वाड्यात, आपल्या घराण्याच्या हाती, अखंड राहिले यातच त्याची विश्वासार्हता आहे. म्हणून ती बाडे उचलून एखाद्या संग्रहालयात जमा करा असे मी कधीही म्हणणार नाही. उलट माझे म्हणणे असे की, ती आपल्याचकडे राहावीत आणि आज ती आपल्याकडे आहेत याची नोंद व्हावी. अमुक बाड, इतकी पाने, अमुक शकापासून अमुक शकापर्यंत, अमुक घरी, असे एकदा तारीख घालून लिहून ठेवले, की उद्या कोणी पान घुसवले किंवा काढले तर ते उघडे पडेल. संशय आला तर तो आपल्यावर येणार नाही.

यजमान फुटून दुसऱ्या गुरुजींकडे जातील ही भीती मी ऐकली आहे, आणि ती पोटाची भीती आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पण गावांच्या यादीने ती वाढत नाही. गावांच्या त्या यादीत एकाही यजमानाचे नाव नसेल, कुळ नसेल, जात नसेल, दक्षिणेचा आकडा नसेल. गावे असतील आणि बाडे असतील. कोणत्या गावाचे गुरुजी कोण, ही काही गुप्त गोष्ट नाही. ती रामकुंडाकडे येणाऱ्या रस्त्यावर कोणीही सांगतो, आणि आम्ही गाडीतून उतरण्याआधी आमचे गाव विचारायला माणसे उभी असतात. जी गोष्ट कोणालाच ठाऊक नाही ती याच्या पुढची आहे: त्या गुरुजींच्या तीन फडताळांपैकी कोणत्या कप्प्यात ते गाव आहे.

पानांच्या छायाचित्रांबद्दल माझे मत विचाराल तर तीही व्हावीत, परंतु आपल्या अटींवर. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांचे, म्हणजे वंशावळीच्या वह्यांचे, सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी संस्थेने कित्येक दशकांपूर्वी घेतले, आणि आज उत्तरेतील पुष्कळ कुटुंबे परदेशात बसून आपल्या पूर्वजांची पाने पाहतात. काम चांगले झाले, पण प्रत आधी तिकडे गेली, हे मला थोडे खटकते. आपल्याकडे पहिली प्रत वाड्यात राहावी, दुसरी आपण विश्वास टाकाल अशा जागी मोहोरबंद राहावी, आणि हयात माणसांची नावे असलेली अलीकडची पाने कोणालाही सरसकट खुली करू नयेत. माझ्या आतेबहिणीला तिच्या जन्मवर्षाची नोंद अनोळखी माणसाने वाचलेली आवडणार नाही, आणि तिचे बरोबरच आहे.

ती छायाचित्रे कधी काळी घ्यायची ठरली, तर क्रम उलटा लावावा असे सुचवतो. सर्वांत जुने पान आधी, असे मनात येते. प्रत्यक्षात जुनी पाने बरी असतात. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद आणि काजळाची शाई दोनशे वर्षे सहज काढते. वडिलांच्या वेळी गुरुजींनी मला शके १८०२ चे पान बोटाने हलवून दाखवले होते, ते ताठ होते. माझ्या आजोबांनी १९५६ साली सही केलेले पान मात्र गिरणीच्या कागदाचे, कडेने तपकिरी पडलेले, आणि उलटताना त्याचा कोपरा गुरुजींच्या हातात आला. जांभळ्या पेन्सिलीची अक्षरे ओल लागून पसरली होती. विसाव्या शतकातली, मोडी सुटून बाळबोध आलेली, जी वाचायला सर्वांत सोपी तीच पाने सर्वांत आधी जाणार आहेत. त्यांना चिकटपट्टी लावू नये आणि प्लॅस्टिकमध्ये पक्की करू नये; दोन्ही उपाय काही वर्षांनी कागद घेऊनच निघतात. सुती बासन, वेखंडाची पूड आणि जमिनीपासून उंच फळी, हे आपल्या आजोबांचे उपाय अजूनही चांगले आहेत. गोदेच्या काठी उंच फळीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पुराचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागले यावरून तळमजल्यावरचे सामान कधी हलवायचे हे पंचवटीतले लहान मूलही सांगते, पण त्या सामानात बासने कोणत्या क्रमाने हलवायची हे कोणी ठरवून ठेवलेले असते का?

एक गोष्ट आपल्या माणसांपैकी एकाने मला विचारली होती: नुसत्या गावांच्या यादीत इतिहास कसला? मला वाटते, भरपूर आहे. नाशिक हा जिल्हाच मुळी १८६९ साली झाला. त्याआधीच्या नोंदींत गावे वेगळ्याच प्रांतांच्या आणि परगण्यांच्या नावाखाली असणार. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये, नंदुरबार १९९८ मध्ये वेगळे झाले, तेव्हा आजचा तरुण यजमान जो जिल्हा सांगतो तो आपल्या आजोबांच्या बाडात असणे शक्य नाही. महसुली कागदांत ज्यांना बेचिराख म्हणतात अशी उठून गेलेली गावे आहेत. भंडारदऱ्याच्या आणि जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली गावे आहेत, ज्यांची माणसे पाच-सहा तालुक्यांत विखुरली आणि ज्यांच्या नातवंडांना मूळ गावाचे नाव सांगता येत नाही. ती सारी गावे आपल्या बासनांत अजून वसलेली आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरे गोळा केली, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. त्या सगळ्या थोर खटाटोपाचा भर स्वाभाविकच मोहिमा, तह आणि दरबार यांवर होता. कोणत्या गावची माणसे कोणत्या वर्षी उठून कुठे गेली, याची यादी कोणी केली नाही, आणि ती करता येईल अशी साधने फार थोड्यांच्या हाती आहेत. त्यांत आपण आहात.

हे लिहिताना एक गोष्ट लपवता येत नाही. आपल्या बाडांत सर्व महाराष्ट्र नाही. २ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ज्यांना देवळाच्या दारातून आत घेतले जात नव्हते, त्यांच्या पणजोबांची नावे आपल्या वाड्यात सन्मानाने लिहिलेली असण्याची शक्यता किती होती, हे आपणही जाणता. त्या घराण्यांना आपला इतिहास कोतवाल बुकात, वतनाच्या कागदांत, पलटणीच्या कागदांत आणि शाळेच्या रजिस्टरात शोधावा लागतो. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी बैल घेऊन दारोदार फिरतात आणि बहीतून कुळाची वंशावळ वाचून दाखवतात. त्यांच्या बह्या तर आपल्या बाडांहून अधिक उघड्यावर आहेत, पावसापाण्यात फिरतात आणि त्या सांभाळणारी पोरे आता ऊसतोडीला किंवा कारखान्यात जातात. आपण यादी केली तर त्या निमित्ताने बाडे उघडतील आणि त्यांत हेही स्पष्ट दिसेल की कोणत्या गावांतून कोण येत होते आणि कोण येत नव्हते. ते दिसू द्यावे. रिकाम्या जागेचीही नोंद लागते.

आता कामाचे बोलतो. लागणार काय, तर एक दोनशेपानी वही आणि ज्यांच्या डोक्यात बासनांचा ठावठिकाणा आहे अशा वडीलधाऱ्यांच्या काही दुपारी. प्रत्येक बासनाला कापडावर दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी, तिच्यावर क्रमांक. कागदावर काही लिहू नये, चिकटवू नये. वहीत त्या क्रमांकासमोर सर्वांत जुना शक, सर्वांत अलीकडचा शक, लिपी, पानांची अदमासे संख्या, बाड कोणाच्या ताब्यात आहे आणि वाटणीत त्यातील गावे कोणाकडे गेली. त्याखाली गावे, जशी बाडात लिहिली आहेत तशीच, शुद्ध न करता. आणि समोर आजचे नाव व तालुका. शेवटचा रकाना मोकळा ठेवून त्यात वडीलधारी मंडळी जे तोंडाने सांगतील ते लिहावे: अमक्या गावचे लोक तमक्या साली उठले, अमक्यांनी आडनाव बदलले, अमकी शाखा दत्तक गेली. हा रकाना बाडात कुठेही नाही. तो फक्त माणसांत आहे, आणि माझ्या मते यादीतला सर्वांत मोलाचा तोच आहे.

मोडीची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग झालेली तरुण मुले नाशकातही आहेत, आणि २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाल्यापासून ती लिपी संगणकावरही उमटते. गावाचे नाव वाचण्यापुरती मोडी शिकायला फार दिवस लागत नाहीत. मी स्वतः पन्नाशीनंतर शिकलो आणि अजूनही "ब" आणि "व" यांत फसतो. एका ओळखीच्या गुरुजींकडे आम्ही दोघांनी गेल्या उन्हाळ्यात प्रयोग म्हणून एक बासन घेतले होते. एका दुपारी, दोनदा चहा आणि एकदा यजमान आल्याने खोळंबा धरून, त्यातील चौसष्ट गावे वहीत उतरली. त्यांतील अकरा गावांची नावे गुरुजींच्या पदवीधर नातवाने कधी ऐकलेलीही नव्हती, आणि सात गावे अशी निघाली की जी आपल्याकडे आहेत हे खुद्द गुरुजींनाच आठवत नव्हते. नातू संध्याकाळपर्यंत बाजूला बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून दुसरे बासन काढले.

पितृपक्ष आणि सिंहस्थाच्या पर्वण्या सोडून आपण म्हणाल त्या दिवशी मी आणि मोडी वाचणारे माझे दोन मित्र आपल्याकडे येऊन लिहायला बसू. वही आपली, अक्षर आमचे, वही राहील आपल्याच घरी. मानधन नको. प्रत आपण दिली तरच घेऊ.

ज्या वाड्यात माझ्या खापरपणजोबांचा नांगर आहे, तेथील तरुण गुरुजी हे पत्र वाचतील असे धरून शेवटी त्यांना एवढेच लिहितो की, सुरुवात आपल्याकडे करायला हरकत नसेल तर आमच्यासाठी सिन्नरचे गाव लिहावे आणि नगरकडच्या गावाची जागा तूर्त कोरी ठेवावी. खारव्याचे बासन, फडताळात खालून दुसरे होते. मधल्या काळात ते हलले असेल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक यजमान, सिन्नर तालुका